चांगली कोंबडी जाते कुठे?



प्लॉटच्या अर्जांसाठी सध्या पाड्यापाड्यांवर बैठका चालू आहेत. अशाच एका बैठकीत, कुणाच्या पंचनाम्यात काय लिहिलं आणि काय गाळलं हे बोलणं चालू असताना, मागे बसलेल्या बायांमधून एक आजी उठली. म्हणाली, "जमिनीचं बोला, ते बोलायलाच पायजे. पण आमच्या कोंबड्या अंडी का देत नाय ते पण कुणी सांगा. आधी सकाळी डालगं उचललं की अंडं असायचं. आता कोंबडी हाय, अंडं नाय." पुरुष हसले. आम्हीही हसलो, हे कबूल केलं पाहिजे. आणि बैठक पुढे गेली.

रात्री जेवायला त्याच आजीच्या घरी होतो. ताटात कोंबडी आली. वाढता वाढता आजी सहज बोलून गेली, "अंड्यावर होती ही."

त्यानंतर आम्ही जाऊ तिथे बायांना हा प्रश्न विचारत गेलो. म्हाताऱ्या माणसांना विचारलं. तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात बसून काही गोष्टी समजून घेतल्या. त्यातलं जे पक्कं वाटलं ते इथं लिहितो आहोत. काही साथी म्हणतील, जमिनीच्या लढ्याच्या पत्रकात कोंबड्या कशाला? त्यांनी आधी पूर्ण वाचावं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावं. मग बोलावं.

पहिली गोष्ट, आपली गावठी कोंबडी किती अंडी देते याचा हिशोब करू. ती एका पाळीला १० ते १५ अंडी देते, मग खुडूक होते. अंड्यांवर बसली की २१ दिवस उठत नाही. पिल्लं निघाली की दोन-अडीच महिने पिल्लांमागे फिरते. तोवर अंडं नाही. पिल्लं मोठी झाली की त्यांना टोचून हाकलते आणि पुन्हा अंड्यावर येते. म्हणजे एक फेरा जवळजवळ चार महिन्यांचा. वर्षाला तीन फेरे, फार झालं तर चार. वर्षाची अंडी ४०-५०, चांगली असेल तर ६०. यातली बरीचशी आपण उबवायलाच ठेवतो. तेव्हा शहरातल्या पांढऱ्या कोंबडीसारखं रोज अंडं आपली कोंबडी देणार नाही. तिचा तो धर्मच नाही. ती अंडी देते, उबवते, पिल्लं सांभाळते, सापाला ओरडते, घारीवर धावून जाते. पांढरी कोंबडी अंडी देणं सोडून यातलं एकही काम करत नाही.

पांढऱ्या कोंबडीचं निघालंच आहे तर सांगून टाकू. काही पाड्यांवर कर्ज-अनुदानाच्या योजनेत पिंजरा आणि पांढऱ्या कोंबड्या आल्या. त्यांना विकतचं खाद्य लागतं, ते तालुक्यावरून आणायचं. खाद्य संपलं की अंडी बंद. सोडली की रानमांजराने नेली, कारण पळायचं तिला माहीत नाही. कोंबडी गेली, पिंजऱ्यात आता लाकडं ठेवतात, आणि बँकेचा हप्ता राहिला. अशी योजना पाड्यावर आली तर अंगठा द्यायच्या आधी बैठकीत विचारा.

आता आपल्या कोंबडीकडे येऊ. तिची अंडी पूर्वीपेक्षा कमी झाली हे खरं आहे का? बायांशी बोलून आमचं मत झालं की खरं आहे. आणि त्याचं कारण एक नाही.

कोंबडीला अंडं बनवायला दाणा लागतो, किडा लागतो, चुना लागतो आणि पाणी लागतं. पूर्वी हे तिला कुणी द्यायला लागत नव्हतं. प्लॉटवर नागली, वरई, उडीद, तूर पिकायची. खळं घराजवळ असायचं. मळणी झाली की महिना-दोन महिने कोंबड्या खळ्यातच. घरात भात कांडला जायचा. कोंडा निघायचा, कणी निघायची, पाखडलेलं सूप अंगणातच झटकलं जायचं. कणसरी घरात आली की तिच्या पायाशी कोंबडीही पोसायची. आता ज्यांचा प्लॉट गेला, ज्यांच्या प्लॉटवर खड्डे खणून सागाची रोपं लावली, त्यांच्या घरी खळंच नाही. ते रेशनचा तांदूळ आणतात. रेशनच्या तांदळाला कोंडा नसतो. कणी असली तर ती माणूसच खातो. मग कोंबडीने खायचं काय?

आम्ही मुद्दाम बघितलं. ज्या घरी अजून प्लॉट कसतात आणि ज्या घरी मजुरीवरच सगळं आहे, त्या दोन्ही घरच्या कोंबड्या उचलून बघा. हातालाच कळतं. जमीन गेली की पहिल्यांदा माणसाचं पोट खपाटीला जातं असं आपण म्हणतो. कोंबडीचं त्याआधी जातं.

जंगलाचंही तसंच आहे. मिसळ जंगलात पाल्याखाली ओल असते, वाळवी असते, किडे असतात. कोंबडी पायाने उकरते आणि दिवसभर टिपते. निलगिरीच्या लागवडीखाली काय उकरणार? तिथं जमीन कोरडी आणि किडा थोडा. दाण्याने कोंबडीचं अंग भरतं, पण अंड्याला किड्यासारखं जोराचं खाणं लागतं. डाळीचं, मासळीचं, किड्याचं. नुसता भात टाकला तर कोंबडी लठ्ठ होईल, अंडी देणार नाही.

तर करायचं काय? जमीन मिळेल तेव्हा मिळेल, आणि ती मिळवायचीच आहे, पण तोवर कोंबडी उपाशी ठेवता येत नाही. जुन्या बाया एक करायच्या ते पुन्हा करता येईल. फुटकं मडकं घ्या. त्यात ओला पाला, पेंढा, थोडं शेण भरा. संध्याकाळी वाळवी असेल त्या जागी उपडं घालून ठेवा. वर ओलं गोणपाट टाका. सकाळी मडकं उचललं की आत वाळवी भरलेली. ती पिल्लांसमोर झटका. याला पैसा लागत नाही, एक पोर हे काम करू शकतं. उडीद, तूर भरडताना जी चुणी पडते ती फेकू नका. बाजारातून सुकट आणता तेव्हा तळाचा चुरा, बोंबलाची मुंडकी कोंबडीला द्या, पण रोज नको, अंड्याला वास लागतो. मोहाच्या बियांची पेंड मात्र अजिबात देऊ नका. ती पाण्यात टाकून मासे मारतात हे आपल्याला माहीत आहे, कोंबडीलाही ती बाधते. बुरशी आलेला दाणा, औषध लावलेलं बियाणं हेही नको.

चुन्याचं सोपं आहे. अंड्याचं कवच चुन्याचंच असतं. कवच पातळ येत असेल, हात लावताच फुटत असेल, किंवा कोंबडी आपलंच अंडं फोडून खात असेल तर चुना कमी पडतो आहे असं समजा. खाल्लेल्या अंड्यांची टरफलं तव्यावर भाजा, बारीक कुटा, दाण्यात मिसळा. न भाजता, न कुटता टाकली तर कोंबडीला अंडं फोडायची खोड लागते. डहाणूच्या बाजारात मासळीवाल्या बाया येतात, त्यांच्याकडे किनाऱ्यावरचे शिंपले मिळतील. तेही कुटून चालतात.

पाण्याबद्दल बायांना सांगताना आम्हालाच अवघड वाटतं. मोखाडा, जव्हारकडे मार्च संपला की विहिरी तळाला जातात. डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढणाऱ्या बाईला कोंबडीसाठी पाणी ठेव कसं सांगायचं? पण अंड्यात दोन तृतीयांश पाणीच असतं. उन्हाळ्यात एक दिवस कोंबडी तहानलेली राहिली तर पुढचे कित्येक दिवस अंडं नाही. तेव्हा भांडी धुतलेलं पाणी, राख किंवा साबण नसलेलं, मडक्याच्या खापरात सावलीला ठेवा. आणि पाणी आणण्यात पुरुषांनी हात लावला तर काही बिघडणार नाही. हे आम्ही कोंबडीच्या निमित्ताने लिहितो आहोत, पण नुसतं कोंबडीसाठी नाही.

थंडीत अंडी कमी होतात त्याची मात्र काळजी करू नका. कोंबडीचं अंडं उजेडावर चालतं. भरपूर अंडी द्यायला तिला १४ तासांच्या आसपास उजेड लागतो. आपल्याकडे डिसेंबरात दिवस ११ तासांचा, जूनमध्ये सव्वातेरा तासांचा. पोल्ट्रीवाले दिवे लावून दिवस वाढवतात. आपल्याकडे ते सोडून द्या. शिवाय वर्षातून एकदा कोंबडी पिसं टाकते. जुनी पिसं गळून नवी येईपर्यंत दोन-तीन महिने ती अंडं देत नाही, कारण खाल्लेलं सगळं पिसांना जातं. पिसं गळालेली कोंबडी बघून "हिला रोग लागला, विकून टाका" असं करू नका. तिला चांगलं खायला द्या, ती परत अंड्यावर येते.

ऊ आणि गोचीड यांचं बघा. रात्री डालग्याच्या आणि खुराड्याच्या फटींतून बारीक लाल किडे निघतात, कोंबडीचं रक्त पितात आणि दिवसा पुन्हा लपतात. दिवसा कोंबडी पाहिली तर काहीच दिसत नाही. दिवा घेऊन रात्री बघा. तुरा फिका पडलेला, कोंबडी अंड्यांवरून उठून पळते, खुराड्यात जायला तयार नाही, ही त्याची खूण. डालगं वर्षातून दोनदा कडक उन्हात टाका, जुनं झालं असेल तर जाळा आणि नवं विणा. खुराडं आतून चुन्याने सारवा. घराच्या कोपऱ्यात कोरड्या जागी राख आणि माती मिसळून ठेवा, कोंबडी त्यात लोळून स्वतःच अंग साफ करते. बसवलेल्या कोंबडीखाली निरगुडीचा किंवा कडुनिंबाचा पाला घालायची आपली जुनी पद्धत आहे, ती चांगली आहे, चालू ठेवा.

आता खुडूक कोंबडीचं. ज्यांच्याकडे तीन-चार कोंबड्या आहेत त्यांनी एक करून बघावं. दोन कोंबड्या एकाच दिवशी अंड्यांवर बसवा. सातव्या-आठव्या रात्री अंडं बॅटरीच्या उजेडापुढे धरा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर पिल्लू आहे. स्वच्छ दिसलं तर अंडं वांझ, ते काढून टाका. पिल्लं निघाली की रात्रीच्या अंधारात दोघींची पिल्लं एकीच्या पोटाखाली घाला. ती सगळी आपली म्हणून सांभाळते. दुसरी लवकर अंड्यावर येते. दोन-अडीच महिने वाचतात. शेजारच्या दोन घरांनी मिळूनही हे करता येईल, पिल्लं वाटून घ्यायची. पण कुणाची किती ते आधीच ठरवा, नाहीतर भांडण व्हायचं. आणि ज्या कोंबडीला बसवायचंच नाही, तिला तीन-चार दिवस उंच टांगलेल्या मोकळ्या टोपलीत ठेवा, खालून वारा लागेल अशी. दाणापाणी द्या. तिचा खुडूकपणा उतरतो.

पिल्लांचं दुःख सगळ्या बाया सांगतात. दहा निघतात, दोन महिन्यांनी तीन-चार उरतात. घार, शिकरा, मुंगूस, पावसात भिजून गारठणं. पहिले तीन आठवडे पिल्लं मोकळी सोडू नका. डालग्याखाली कणी-वाळवी-पाणी देऊन ठेवली तर निम्म्याहून जास्त हातात राहतील.

पण सगळ्यात मोठा घाला मरीचा. मानमोडी म्हणतो ती. डॉक्टर तिला राणीखेत म्हणतात, कुमाऊंच्या डोंगरात राणीखेत गाव आहे त्याचं नाव. हिरवी-पांढरी हगवण, तोंड उघडून श्वास, पंख गळालेले, मान वळलेली. दोन-तीन दिवसांत अख्खा पाडा रिकामा. जी कोंबडी वाचते तीही पुढे वेडीवाकडी, मऊ कवचाची अंडी देते किंवा देतच नाही. ही मर विषाणूची आहे. एका घरी आली की विष्ठेतून, पायांतून, बाजारात नेलेल्या आजारी कोंबडीतून पसरते. आली की औषध नाही. यायच्या आधी टोचायची असते.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे, कारण ती लिहिली नाही तर या पत्रकाचा उपयोग नाही. कोंबड्या मेल्या, मग बकरी मेली, मग पोर आजारी पडलं, की पाड्यात कुणीतरी कुजबुजतं आणि बोट कुठल्यातरी विधवेकडे, एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे जातं. भुताळी म्हणून. पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. कधी मारहाण होते, कधी त्या बाईला पाडा सोडावा लागतो, आणि तिचा जमिनीचा तुकडा कुणाच्या ताब्यात जातो तेही बघा. आपण देवाला मानतो, मानू. देवाची कोंबडी देवाला देऊ. पण मानमोडी कुणा बाईच्या नजरेने येत नाही. ज्या पाड्यावर सगळ्या कोंबड्या टोचल्या तिथं ती येत नाही, आणि बाया तर तिथंही त्याच असतात.

टोचणी एकट्या घराने करून भागत नाही. लसीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांची असते. ती बर्फात ठेवून आणावी लागते. कालवली की दीड-दोन तासांत संपवावी लागते, नंतर ती नुसतं पाणी. म्हणून सगळ्या पाड्याने एकाच सकाळी टोचून घ्यायचं. आठवड्याच्या पिल्लाला डोळ्यात एक थेंब, दोन महिन्यांच्या वरच्याला पंखाखाली सुई. आजारी कोंबडीला टोचू नये. आणि पाड्यावर मर आलेली असेल तर कोंबडी बाजारात नेऊ नका, मेलेली नाल्यात टाकू नका, खोल पुरा. बाजारातून नवीन आणलेली कोंबडी पंधरा दिवस वेगळी ठेवा.

इतकं सगळं केलं तरी एक भोक राहतं. पहिल्या ओळीतलं, म्हणजे आजीच्या ताटातलं.

आपल्या पाड्यांवरून कोणती कोंबडी बाहेर जाते? व्यापारी येतो तो वजन बघतो, भरलेली उचलतो. पाहुणा आला की हाताला जड लागते ती धरतो. आणि गार्ड येतो. प्लॉटवर नांगर घातला की तो येतो, कुडाला नवीन वासा लावला की येतो, मोळी दिसली की येतो. "साहेब यायचे आहेत, कोंबडी पाठव." तो काही मरतुकडी मागत नाही. लाल तुऱ्याची, चकाकणाऱ्या पिसांची मागतो. लाल तुरा म्हणजेच अंड्यावर असलेली कोंबडी. म्हणजे वर्षानुवर्षं जी जास्त अंडी देते, जी मरीतून तगली, तीच घरातून जाते. मागे राहते ती कमी देणारी. तिचीच अंडी आपण बसवतो, तिचीच पिल्लं वाढतात. नागलीचं चांगलं कणीस आपण बियाण्याला काढून ठेवतो. कोंबडीच्या बाबतीत उलट करतो, चांगलं कणीस साहेबाला आणि पोचट बियाण्याला. मग अंडी कमी होणार नाहीत तर काय?

हे आजचं नाही. १९४५ च्या लढ्याआधी वेठ होती तेव्हा जमीनदाराकडे अंगमेहनतीबरोबर कोंबडी-अंडीही जायची, असं म्हातारे सांगतात. लाल बावट्याच्या लढ्याने वेठ गेली. कोंबडी मात्र मागच्या दाराने जातच राहिली.

आणि त्या कोंबडीने आपली जमीनही नेली, हे नीट समजून घ्या. ३१ मार्च १९७८ पर्यंतचे जंगल जमिनीवरचे कब्जे नियमित करायचे असं सरकारने कागदावर मान्य केलं. पण कब्जा जुना आहे याचा पुरावा काय? ज्यांच्याकडे दंडाची पावती आहे त्यांना दाखवायला कागद आहे. अमक्या साली अमक्या ठिकाणी अतिक्रमण करून नांगरलं म्हणून दंड, असं त्यावर लिहिलेलं असतं. आपल्याला गुन्हेगार ठरवणारा कागदच आपला साक्षीदार झाला. ज्यांनी दंडाऐवजी कोंबडी दिली त्यांच्याकडे काय आहे? कोंबडीची पावती कुणी देत नाही. वीस वर्षं प्लॉट कसला, वीस पावसाळे कोंबडी दिली, आणि तपासणीला आलेला माणूस विचारतो, "कागद काय आहे तुझ्याकडे?" असे अर्ज आम्ही या महिन्यात लिहिले. लिहिताना हात थांबत होता.

काही साथी आम्हाला म्हणाले, बोलणं सोपं आहे. दंड भरायला पैसा लागतो, कोंबडी घरची असते. नाही दिली तर बैल धरून नेतील, उभं पीक तुडवतील. खरं आहे. एकट्या घराला नाही म्हणता येत नाही, आणि एकट्याने नाही म्हणावं असं आम्ही सांगतही नाही. पण पाड्याने मिळून ठरवलं तर येतं. काही पाड्यांनी ठरवलं आहे. गार्ड आला की सगळे जमतात, कुणी शिवी देत नाही, हात उगारत नाही, एवढंच म्हणतात, "दंड लिहा, पावती द्या. कोंबडी मिळणार नाही." पावती लिहायची म्हटलं की बऱ्याचदा दंडही होत नाही. झाला तर वर्गणीतून भरतात आणि पावती जपून ठेवतात.

दुसरं, कोंबडी घरातल्या बाईची असते. अंड्याच्या पैशात मीठ-मिरची, पोराची पाटी-पेन्सिल येते. त्या पैशाला नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही. पण कोंबडी द्यायची वेळ आली की पुरुष तिला विचारत नाही, पकडतो आणि देतो. पाहुण्यापुढे मान त्याचा, कोंबडी तिची. यात आम्ही कार्यकर्तेही आलो. संघटनेचे लोक आले म्हणून पाड्यापाड्यांवर आमच्यासाठी कोंबड्या कापल्या गेल्या आणि आम्ही त्या आवडीने खाल्ल्या. गार्डला नको म्हणायचं आणि आपण खायची, हे चालणार नाही. या महिन्यापासून बैठकीला नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ. कुणी आग्रह केला तरी तेच. (एक-दोन कार्यकर्त्यांची तोंडं उतरली, पण ठराव झाला.)

विकायचं झालं तर कोंबडे विका. दर आठ-दहा कोंबड्यांमागे एक चांगला कोंबडा पुरे, बाकीचे कशाला पोसायचे? होळीच्या आसपास निघालेली पिल्लं गटारीला विकायजोगी होतात, त्या वेळी व्यापारी दारात येतो आणि भावही बरा असतो. आपल्या घरात तेव्हा दाणा संपलेला असतो म्हणून आपण घाईघाईत अंड्यावरची कोंबडी देऊन बसतो. चांगली कोंबडी ओळखायला बोटं पुरतात. तिला उलटी धरा. अंडं येतं त्या जागेच्या दोन बाजूंना दोन टोकदार हाडं लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं आडवी मावली, जागा मऊ आणि ओलसर असली, तर ती अंड्यावर आहे. एकच बोट मावलं आणि जागा कोरडी, आवळलेली असली तर नाही. जिची पाळी मोठी, जिची पिल्लं जगतात, तिच्या पायात चिंधी बांधा. ती विकायची नाही, कापायची नाही, कुणालाही द्यायची नाही. बसवायची अंडी तिचीच. शेजारणीकडे चांगली असेल तर अंडी बदलून घ्या. दोन-तीन वर्षांत फरक दिसेल, लगेच दिसणार नाही.

टोचणीसाठी दवाखान्यात अर्ज दिला आहे. तारीख मिळाली की निरोप येईल. त्याआधी प्रत्येक घरात किती कोंबड्या, किती पिल्लं हे बायांनी मोजून बैठकीत सांगावं, म्हणजे बाटल्या तितक्या मागता येतील. आदल्या संध्याकाळी कोंबड्या कोंडल्या की सकाळी सोडायच्या नाहीत, एकदा झाडावर गेल्या की हातात येत नाहीत. बर्फ आणि लस घेऊन दोघेजण पहिल्या एसटीने येतील. फाट्यावर त्यांना घ्यायला दोन धावणारी पोरं उभी ठेवा. फाट्यापासून वरच्या पाड्यापर्यंत तासभर चाल आहे, आणि ऊन चढायच्या आत बर्फ पोचायला हवा.